पत्रांचें दप्तर

पत्र एकदां टपालाच्या पेटींत पडलें कीं तें लिहिणाऱ्याचें राहत नाहीं, असा आमच्या पिढीचा अनुभव होता. कागदावर मजकूर लिहावा, पाकिटावर पत्ता घालावा, तिकीट चिकटवावें आणि पेटींत टाकावें. त्या क्षणापासून तें ज्याच्या नांवें गेलें त्याच्या मालकीचें झालें. त्यानें तें ट्रंकेंत जपून ठेवावें, भिंतीवरच्या तारेंत ओंवून ठेवावें, कीं बंबांत घालावें, हा सर्वस्वीं त्याचा अधिकार. आपण काय लिहिलें होतें हें वर्षभरांत आठवेनासें होई, आणि आठवलें तरी पडताळून पाहण्यास साधन नसे. धाडलेल्या पत्राची नक्कल ठेवण्याची चाल कचेऱ्यांत होती, पेढ्यांवर होती. गृहस्थाच्या घरीं ती नव्हती.

ई-मेलचे गुण सांगतांना लोक वेगाचें कौतुक करतात व तिकिटाचा खर्च वांचला म्हणतात. हे गुण उघडच आहेत. मला स्वतःला त्यांतला सर्वांत मोठा पालट निराळाच वाटतो. ई-मेलचें पत्र पाठविल्यावरहि पाठविणाऱ्याजवळ राहतें. घेणाऱ्याच्या खात्यांत एक प्रत जाते व आपल्या ‘सेंट’ नांवाच्या कप्प्यांत दुसरी तशीच्या तशी उरते. ही गोष्ट इतकी साधी आहे कीं तिच्याकडे कोणाचें लक्षच जात नाहीं; आणि लक्ष गेलें तरी वर्षानुवर्षें सांचलेल्या ढिगांतून नेमकें हवें तें पत्र काढावें कसें, हें ठाऊक नसल्यामुळें ती प्रत असून नसल्यासारखी होते.

मी संस्कृतचा शिक्षक. शिक्षण मॅट्रिकपर्यंत व पुढें पाठशाळेंत. संगणक हा विषय माझ्या शिकण्यांतहि आला नाहीं व शिकविण्यांतहि नाहीं. तेव्हां यंत्रविद्या सांगण्याचा आव येथें मुळींच नाहीं. गेलीं चवदा वर्षें जीमेल वापरतों, तें मला आवडतें, आणि मध्यंतरीं आमच्या घरांत असा एक प्रसंग आला कीं त्याचे कानेकोपरे धुंडाळणें प्राप्त झालें. त्या धुंडाळण्यांत जें हातीं लागलें तें इतर कुटुंबांच्याहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून लिहीत आहें.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे, कारण या सोयीचें मर्म त्यांत आहे. जीमेल जाहीर झालें तें १ एप्रिल २००४ या दिवशीं. गूगल कंपनीनें सांगितलें कीं प्रत्येक खातेदारास पत्रांसाठीं एक जीबी जागा फुकट मिळेल. तारीख एप्रिलची पहिली. पुष्कळांना ती थट्टाच वाटली! तसें वाटण्यास कारणहि होतें. त्या काळीं हॉटमेल २ एमबी आणि याहू ४ एमबी जागा देत असे. एका खोलीच्या बिऱ्हाडांत जसें नवें भांडें आणावयाचें तर जुनें मोडींत घालावें लागतें, तसें त्या खात्यांत नवें पत्र यावयाचें तर जुनें पुसावें लागे. पॉल बुकहाइट या अभियंत्यानें जीमेलची जी मूळ बांधणी केली तिचा रोख याच्या अगदीं उलट होता. पत्र टाकूं नका, ठेवा. आणि लावून ठेवण्याचे श्रम न करतां हवें तेव्हां शोधून काढा.

शोधणें हा शब्द मी मुद्दाम वापरतों. पुण्याच्या पेशवे दप्तरांतले कागद रुमालांत बांधलेले असत, हें वाचकांस ठाऊक असेलच. रुमालाची गांठ सोडल्यावांचून आंत काय आहे तें कळावयाचें नाहीं. रियासतकार सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं त्या दप्तरांतील निवडक कागद १९३० पासून पुढच्या चार-पांच वर्षांत ४५ भागांत छापले गेले, तेव्हां कोठें ते अभ्यासकांच्या हातीं आले. कागद शंभर वर्षें सुरक्षित होता. पण सुरक्षित असणें निराळें आणि सांपडणें निराळें. आपल्या जीमेलच्या खात्याची गत बहुतेक घरांत त्या न सोडलेल्या रुमालासारखी असते.

आतां तो प्रसंग. आमचे थोरले बंधु, ज्यांना घरांत सारेच दादा म्हणत, ते सेवानिवृत्तीनंतर कुलवृत्तांताच्या कामास लागले होते. आमचें मूळ गांव रत्नागिरी जिल्ह्यांत. पुढें एक शाखा साताऱ्यास आली, एक नागपुरास गेली, एक इंदुरास, एक ग्वाल्हेरीस आणि एक बडोद्यास. अलीकडची पिढी पुण्यास, आणि एक पुतण्या टोरोंटोस. जन्म, मुंजी, लग्नें, दत्तकें, कोण कोठें नोकरीस होता, कोणाची मुलगी कोणत्या घरीं दिली, हें सारें दादा नातेवाइकांना ई-मेलनें विचारीत आणि उत्तरें येत. कोणी जुन्या वंशावळीचा फोटो जोडी, कोणी आजीच्या तोंडून ऐकलेली हकीकत लिही. हें काम सहा वर्षें चाललें होतें. २०१८ सालच्या कार्तिकांत दादा अकस्मात् गेले.

त्यांचें खातें जीमेलचें नव्हतें. दुसऱ्या एका कंपनीकडे फार जुन्या काळापासून काढलेलें होतें. त्याचा पासवर्ड त्यांच्या डोक्यांत होता आणि तेथेंच राहिला. वर्षश्राद्धास जमलेल्या मंडळींनीं वृत्तांताची चौकशी केली तेव्हां खातें उघडण्याची खटपट सुरू झाली, आणि मग असें समजलें कीं त्या कंपनीच्या नियमाप्रमाणें वर्षभर कोणी आंत शिरलें नाहीं म्हणजे खात्यांतलीं पत्रें पुसून टाकतात. नियम कराराच्या मजकुरांत लिहिलेला होता. तो मजकूर वाचून कोणी खातें काढतो असें मात्र मीं अद्याप पाहिलें नाहीं. दादांच्या संगणकावर सातारच्या शाखेच्या चार पिढ्यांची अर्धीमुर्धी टिपणें मिळालीं. बाकी सर्व आधार त्या पत्रांत होता. वहिनी एवढेंच म्हणाल्या, “सहा वर्षें रात्रीचे अकरा-अकरा वाजवले त्यांनीं त्यापायीं.”

वाट दाखविली ती दादांच्या धाकट्या सुनेनें. ती म्हणाली, “भाऊकाका, बाबांकडे आलेलीं पत्रें गेलीं खरीं, पण ज्यांनीं पाठविलीं त्यांच्याकडे तीं आहेतच कीं!” मुलगी कॉमर्सची पदवीधर आहे, पण न्यायशास्त्र शिकलेल्यालाहि याहून नेटका विचार सुचला नसता.

जीमेलच्या माथ्यावर शोधाची एक लांब पट्टी असते. बहुतेक लोक तींत एखादें नांव टाकतात, शेंकडों पत्रें समोर आलीं म्हणजे दोन पानें चाळतात आणि सोडून देतात. परंतु ही पट्टी सूत्रांची भाषा समजते. इंग्रजी ‘फ्रॉम’ हा शब्द, त्याच्यापुढें विसर्गासारखीं दोन टिंबें, आणि लगेच पत्ता, असें लिहिलें कीं त्या व्यक्तीकडून आलेलीं पत्रेंच तेवढीं दिसतात. ‘टू’ हा शब्द तसाच लिहिला कीं त्या व्यक्तीस आपण पाठविलेलीं. ‘हॅज’, दोन टिंबें आणि ‘अटॅचमेंट’, असें जोडलें म्हणजे ज्यांना फोटो वा कागद जोडलेला आहे तींच. ‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’ यांच्यापुढें आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्यें तिरप्या रेघा देऊन लिहिलें म्हणजे त्या दोन तारखांमधलीं. हीं सूत्रें एकापुढें एक लिहितां येतात आणि मग तीं एकमेकांना आवळीत जातात. मीं माझ्या खात्यांत प्रथम दादांचा पत्ता ‘टू’पुढें घातला व मग ‘फ्रॉम’पुढें. एकसष्ट पत्रें निघालीं. त्यांतलीं निम्मीं मीं लिहिलीं होतीं याचें मलाच नवल वाटलें.

मग नातेवाइकांना फोन. तें २०२० साल होतें, टाळेबंदीमुळें सारेच घरीं होते, आणि आमच्या कामास तो रिकामा वेळ फळला. ग्वाल्हेरच्या चुलतबंधूंना ‘कोलन द्या’ म्हटल्यावर उमगेना. ‘विसर्ग द्या’ म्हणतांच काम झालें. इंदूरच्या आत्येबहिणीचें वय अठ्ठ्याहत्तर. तिनें दोन टिंबें म्हणजे दोन पूर्णविराम घातले, एकापुढें एक, आणि काहीं मिळत नाहीं म्हणून मलाच रागें भरली. शेवटीं नातवानें बोट धरलें. तिच्या खात्यांतून ब्याण्णव पत्रें निघालीं; आमच्या पणजोबांच्या दुसऱ्या लग्नाची हकीकत त्यांतच होती.

येथें मराठी मनुष्यास एक अडचण येते ती सांगून ठेवतों. इंग्रजी शब्द शोधणें सोपें; मराठी शब्दाला विभक्तीचे प्रत्यय चिकटतात. ‘दत्तक’ असें शोधलें तर ‘दत्तकाचा’ आणि ‘दत्तकानें’ हीं रूपें असलेलीं पत्रें हातीं लागत नाहींत, असा माझा अनुभव आहे. शिवाय एकाच नात्यांतले चौघे चार तऱ्हेनें लिहितात. कोणी ‘कुलवृत्तांत’, कोणी ‘कुळवृत्तांत’, आणि तरुण मंडळी रोमन लिपींत मन मानेल तसें. यावर उपाय म्हणजे इंग्रजी ‘ऑर’ हा शब्द मोठ्या अक्षरांत मध्यें घालून सारीं रूपें एका ओळींत द्यावीं. शब्दरूपावलि घोकली होती तिचा असा उपयोग होईल असें पाठशाळेंत कोणास स्वप्नांतहि वाटलें नसेल. उलट जें नको असेल त्याच्याआधीं वजाबाकीची आडवी रेघ द्यावी. ती नञ् समासांतल्या ‘अ’सारखी काम करते. दादा दरवर्षीं दिवाळीस शंभर जणांना एकच शुभेच्छापत्र धाडीत. ‘शुभेच्छा’ या शब्दाआधीं रेघ दिल्यावर तो सारा गलबला नाहींसा झाला.

दुसरी अडचण जीमेलच्या एका गुणामधूनच आली. एका विषयावरचीं पत्रें व त्यांचीं उत्तरें जीमेल एका माळेंत ओंवून दाखवितें. सोय उत्तम आहे. मागचें पुढचें सर्व एकत्र वाचतां येतें. पण आपल्या लोकांना खोड अशी कीं नवा मजकूर लिहावयाचा तरी जुन्याच पत्रास उत्तर म्हणून लिहितात. नागपूरच्या चुलत आत्याची जन्मतारीख ‘फराळाची पोंच’ या विषयाखालच्या सोळाव्या पत्राच्या शेवटीं सांपडली. विषय बदलला तर पत्र नवें सुरू करावें व विषयाच्या ओळींत विषयच लिहावा. निबंधास मथळा घालावयाचा असतो हें आम्हीं जन्मभर मुलांना शिकविलें, तें मोठ्या माणसांनींहि ऐकावें.

सात घरांतून मिळून तीनशें त्रेचाळीस पत्रें जमा झालीं. एका घरांतून एकहि मिळालें नाहीं, कारण त्या बाई पत्र वाचलें कीं पुसून टाकीत, आणि पाठविलेलेंहि पुसून टाकीत; घर झाडल्यासारखें त्यांना वाटे. पुसलेलें पत्र जीमेलच्या ‘ट्रॅश’मध्यें तीस दिवस राहतें व मग कायमचें जातें. ज्यांना पुढ्यांत पसारा नको त्यांच्यासाठीं ‘अर्काइव्ह’ नांवाची खूण आहे. ती दाबली म्हणजे पत्र डोळ्यांआड होतें, पण खात्यांत राहतें आणि शोधतांच पुढें येतें. माळ्यावर टाकलेल्या सामानासारखें. फरक इतकाच कीं या माळ्यावर चढावें लागत नाहीं. जाहिरातींचीं पत्रें खुशाल पुसावीं, पण माणसाचें पत्र पुसूं नये असें माझें स्पष्ट मत आहे.

बडोद्याच्या शाखेचें मात्र काहींच हातीं आलें नाहीं. तेथले वयोवृद्ध काका हेच दादांचे मुख्य पत्रलेखक होते. तेहि २०१९ मध्यें निवर्तले, आणि त्यांचेंहि खातें कोणास उघडतां येईना. पत्राचीं दोन टोंकें, दोन्ही बुडालीं. आमच्या वंशवृक्षांत बडोद्याची फांदी आजहि तीन नांवांवर थांबली आहे.

जमलेलीं पत्रें माझ्याकडे कशीं आलीं व मीं तीं कशीं लावलीं, यांत जीमेलच्या आणखी तीन सोयी कामीं आल्या. पहिली अशी कीं अनेक पत्रांवर एकदम खुणा करून तीं सारीं एका पत्रास जोडपत्रें म्हणून पुढें पाठवितां येतात. त्यायोगें मूळ तारीख, मूळ पत्ता, सर्व जसेंच्या तसें राहतें. दुसरी फारच थोड्यांना ठाऊक आहे. आपल्या पत्त्यांतील नांवाच्या शेवटीं अधिकाचें चिन्ह देऊन पुढें कोणताहि शब्द जोडला तरी पत्र आपल्याच खात्यांत येतें. मीं सर्वांना माझ्या नांवापुढें अधिक ‘कुल’ असा पत्ता दिला. नवें खातें काढावें लागलें नाहीं, आणि त्या पत्त्यावर आलेलें पत्र वृत्तांताचें हें आपोआप ठरलें. तिसरी सोय ‘फिल्टर’ची. अमुक पत्त्यावर आलेल्या पत्रास अमुक ‘लेबल’ लाव, अशी आज्ञा एकदां देऊन ठेवली कीं तें काम मग तिन्हीत्रिकाळ होत राहतें. पूर्वीं आलेल्या पत्रांनाहि ती लागू करतां येते.

लेबल म्हणजे कप्पा नव्हे, हें समजलें कीं जीमेलचें अर्धें रहस्य समजलें. कागद एका रुमालांत बांधला कीं दुसऱ्या रुमालांत नसतो. नागपूरच्या मुलाचें लग्न इंदूरच्या शाखेच्या मध्यस्थीनें ठरलें, तर तें पत्र कोणत्या रुमालांत बांधावें? लेबलाला हा पेंच पडत नाहीं, कारण तें विशेषणासारखें आहे. एका नामाला चार विशेषणें लागतात म्हणून नाम चार होत नाहीं. आणि विशेषण काढून घेतलें म्हणून नामाचा नाश होत नाहीं. मीं शाखांचीं सहा, आणि ‘लग्नें’, ‘दत्तकें’, ‘फोटो’ व ‘पडताळणें आहे’ अशीं चार लेबलें केलीं. शेवटचें लेबल लावलेलीं पत्रें अजून साठावर आहेत.

घरच्या रोजच्या कामांतहि हीच युक्ति चालते. विजेचें बिल, विमा, बँक, नातवंडांची शाळा, एवढीं चार लेबलें फिल्टरसह केलीं कीं ‘ती पावती कोठें आहे हो’ हा घोष थांबतो. जागा भरत आली असेल तर ‘लार्जर’, दोन टिंबें आणि ‘१० एम’ असें रोमन लिपींत व इंग्रजी आंकड्यांत लिहून शोधावें. दहा एमबीहून जड पत्रें दिसतात, त्यांत बहुधा कोणाच्या तरी बारशाचीं चलच्चित्रें असतात. आज जागा १५ जीबी आहे, पण ती पत्रें, ड्राइव्ह व फोटो यांची मिळून आहे, आणि ती भरली म्हणजे नवें पत्र येणेंहि बंद होतें. पाठविलेलें पत्र परत घेण्याची मुदत सेटिंग्जमध्यें पांच सेकंदांची असते ती तीस करून ठेवावी. तापट मंडळींना तीस देखील अपुरे पडतील, पण नसण्यापेक्षां बरे.

आतां एक नाजूक गोष्ट. पुष्कळ एकत्र कुटुंबांत सर्वांचें मिळून एकच खातें असतें व पासवर्ड सर्वांस ठाऊक असतो. आमच्याकडेहि काहीं दिवस तसें होतें. मला ती पद्धत पसंत नाहीं. आमच्या लहानपणीं सुनांना माहेरून आलेलें पत्र आधीं ओटीवर वाचलें जाई, मग माजघरांत जाई. त्या पत्रांतून माहेरची माणसें काय लिहूं शकत असतील याची कल्पनाच केलेली बरी. घर एक असावें, चूल एक असावी. पत्रपेटी ज्याची त्याची असावी. घरकामाचीं पत्रें फिल्टरनें आपोआप दुसऱ्याकडेहि धाडतां येतात, तेव्हां सोयीसाठीं कोणाचें खाजगीपण घालविण्याचें कारण उरत नाहीं. आणि ज्यांना स्वतः पाहणें जड जातें त्यांच्यासाठीं पासवर्ड न सांगतां आपलें खातें दुसऱ्याच्या हवालीं करण्याची सोय आहे. संगणकावर सेटिंग्जमधील खात्यांच्या पानावर ती सांपडते. वहिनींची दृष्टि अधू झाल्यापासून त्यांचीं पत्रें ती धाकटी सूनच पाहते, स्वतःच्या खात्यांतून. आणि तिनें त्यांच्यावतीनें उत्तर दिलें तर त्यावर तिचेंहि नांव उमटतें. वहिनींना वाटेल त्या दिवशीं त्या हा अधिकार काढून घेऊं शकतात. अजून त्यांना तसें वाटलेलें नाहीं.

इतका सारा भार एकाच कंपनीवर टाकावा काय, अशी शंका टोरोंटोच्या पुतण्यानें काढली. ती रास्त आहे. जाहिराती निवडण्यासाठीं पत्रांतील मजकूर यंत्राकडून तपासण्याची पद्धत पूर्वीं गूगलकडे होती. ती बंद करीत असल्याचें कंपनीनें २०१७ सालीं जाहीर केलें. तरी वस्तु परक्याच्या घरीं ठेवलेली आहे हें विसरूं नये. ‘टेकआउट’ नांवाच्या सोयीनें आपलीं सारीं पत्रें, किंवा एका लेबलाचींच तेवढीं, एका गठ्ठ्यांत उतरवून घेतां येतात. वृत्तांताचा असा गठ्ठा दोन डिस्कांवर घेऊन एक साताऱ्यास व एक पुण्यास ठेवला आहे.

राहिली शेवटची व्यवस्था. गूगलचाहि नियम आहे कीं दोन वर्षें न वापरलेलें खातें पुसलें जाऊं शकतें; डिसेंबर २०२३ पासून तो अमलांत आला आहे. परंतु आपल्या मागें आपल्या पत्रांचें काय व्हावें हें आधीं सांगून ठेवण्याचीहि सोय तेथें आहे. ती २०१३ पासून आहे, आणि मीं विचारलेल्या वीस जणांत एकालाहि ती ठाऊक नव्हती. गूगल खात्याच्या सेटिंग्जमध्यें, माहिती व गोपनीयता या भागांत, निष्क्रिय खात्याची व्यवस्था पाहणारें एक पान आहे. आपण किती महिने न फिरकल्यास खातें निष्क्रिय धरावें, हें तेथें ठरवितां येतें. तीन, सहा, बारा कीं अठरा. मुदत संपण्यापूर्वीं आपणांस सूचना येते, म्हणजे नुसते आजारी वा प्रवासांत असलों तर घोटाळा होत नाहीं. मग विश्वासाच्या माणसांचीं नांवें द्यावयाचीं. दहापर्यंत देतां येतात. कोणाला काय मिळावें, नुसतीं पत्रें कीं फोटोहि, हें वेगवेगळें सांगतां येतें. त्या माणसांना आज काहीं कळत नाहीं. वेळ आली म्हणजे कळतें, आणि त्यांना तें सर्व उतरवून घेण्यास तीन महिन्यांची मुदत मिळते. सर्वांच्या शेवटीं खातें पुसून टाकावें अशी इच्छा असेल तर तीहि नोंदवितां येते.

हें पान मीं गेल्या चैत्रांत भरलें. अशुभ विषय म्हणून घरांत थोडी कुरबुर झाली; पण मृत्युपत्र करणारा त्यायोगें लवकर मरत नाहीं, तसेंच हें. मुदत सहा महिन्यांची ठेवली. नांवें दोन दिलीं, दादांच्या धाकट्या सुनेचें आणि टोरोंटोच्या पुतण्याचें. सुनेला सर्व पत्रें मिळतील, कारण वृत्तांत पुढें चालविण्याचें तिनें अंगावर घेतलें आहे.

सौभाग्यवती शेजारीं बसून पाहत होती. म्हणाली, “अहो, माझ्याहि खात्याचें तसेंच करून ठेवा. पण माझीं पत्रें इकडे कोणाकडे नकोत, माझ्या भाचीकडे जाऊं द्यात.” मीं ‘कां’ असें विचारलें नाहीं. तिच्या भाचीचा फोन नंबर विचारला व तिच्यासमोरच तें पान भरून दिलें. मुदत मात्र तिनें अठरा महिन्यांची सांगितली.